निळा खडू

त्या शिवणकारखान्यात कापड कापणाऱ्या प्रत्येकीला आपापल्या रंगाचा खडू होता. कापडावर जिची रेघ, तिची चूक. एवढा साधा कायदा. त्यांतल्या एकीचा खडू निळा, म्हणून अकरा वर्षांत तिचं नावच निळी पडलं होतं.

शनिवारी परिचारिकांच्या कोटांचा गठ्ठा उघडला आणि बघतात तर काय, अडीचशे बाह्या, सगळ्या डाव्या हाताच्या! कापडाला एकाच बाजूने चकाकी होती. असं कापड समोरासमोर घडी घालून कापतात, म्हणजे डावी-उजवी जोडी निघते, हे नवशिकीलाही पहिल्या दिवशी सांगतात. कोणीतरी घाईत थरावर थर अंथरून मोकळं झालं होतं. आणि प्रत्येक बाहीवर निळी रेघ.

शुक्रवारी जेवणानंतर निळी अस्तराचे तागे रचायला कोठारात गेली होती. परतली तेव्हा तिच्या टेबलापाशी कटिंग मास्तर बोटांवरची निळी पूड झटकत होते. तेव्हाही ती काही बोलली नाही. ती कधीच बोलत नसे.

सोमवारी मालकीणबाई येणार होत्या. चुकलेलीला त्या कापणीवरून उठवून बटणं लावायला बसवत.

रविवारी तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी चाळीस वर्षं पहिलीच्या पोरांना शिकवलं होतं. त्यांनी तिचीच टेप गळ्यात अडकवली आणि खुर्चीत कटिंग मास्तर होऊन बसले.

"काय गं, खडू तुझाच ना?"

"हो... म्हणजे खडू माझा, पण..."

"'पण' काय चघळतेस? पहिलीतली पोरंसुद्धा एवढी अडखळत नव्हती. पुन्हा."

"खडू माझा. काप माझा नाही."

"मोठ्याने. मागच्या बाकापर्यंत जाऊ दे."

दहाव्या वेळेला आवाज खणखणीत निघाला. बाबा खूश झाले.

"कोणी पाहिलंय का त्यांना कापताना?"

"पिवळीने पाहिलं असणार. तिचं तोंड माझ्याच टेबलाकडे असतं. पूर्वी कापायला होती माझ्या शेजारी, आता बटणं लावते."

"मग झालं तर! मैत्रीण आहे ना पाठीशी."

पिवळी बटणांवर कशी गेली, हे बाबांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

सोमवारी मालकीणबाईंनी एक बाही सगळ्यांसमोर उंच धरली.

"निळा खडू कोणाचा?"

"माझा. पण काप माझा नाही."

शिलाईयंत्रं एकेक करून थांबली. मास्तर हसले. "अरे वा! मग काय, खडू आपल्या पायांनी टेबलावर चढला?"

दोघीतिघी हसल्या. निळीचे कान तापले, पण आवाज हलला नाही. "शुक्रवारी जेवणानंतर मी कोठारात होते. माझ्या खडूने मास्तरांनी कापलं. पिवळीने पाहिलंय."

मालकीणबाई वळल्या. "काय गं, पाहिलंस?"

पिवळीने हातातलं बटण पुरतं लावलं, दाताने दोरा तोडला आणि मगच मान वर केली.

"माझं लक्ष नव्हतं, बाई."

निळीला हे शब्द ओळखीचे होते. गेल्या वर्षी मास्तरांनी पिवळ्या खडूने कॉलर बिघडवल्या, तेव्हा पिवळी अशीच तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, "हिने पाहिलंय." आणि कात्रीवरून नजर न उचलता निळीने हेच उत्तर दिलं होतं. आपण खोटं काहीच बोललो नाही, अशी तेव्हा तिने स्वतःची समजूत घातली होती.

दुपारपर्यंत तिचं स्टूल पिवळीच्या स्टुलाला लागलं. पिवळीने बटणांचा डबा तिच्याकडे सरकवला.

"छान बोललीस हो. कोणी शिकवलं?"

"बाबांनी."

"वर्षभर आधी शिकवायचं होतं त्यांनी."

"तू मास्तरांना भ्यायलीस का गं?"

"मी? छे. मला आता कुठे उठवून बसवणार ते?" पिवळीने सुईत नवा दोरा ओवला. "चार भोकांची बटणं आहेत. फुलीत टाके घाल."

संध्याकाळी बाबा दारातच उभे होते.

"बोललीस?"

"बोलले."

"अडखळली नाहीस ना?"

"एक 'पण' आलं मध्ये."

"एक चालतं. शाब्बास!" त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "आणि ती मैत्रीण? उभी राहिली ना पाठीशी?"

निळी चपला काढायला खाली वाकली.

"शेजारी बसते आता," ती म्हणाली.