स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल

सत्तरीला आलेले बाबा "मला लग्न करायचंय" म्हणाले, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो "कुणाशी?" असा नव्हता. "घर कुणाच्या नावावर करायला सांगितलंय तिने?" असा होता.

माझा स्वभावच तसा आहे. विमा कंपनीत खोटे दावे हुडकून काढायचं काम करते मी. आग लागली म्हणणाऱ्याच्या घरी जाऊन राख हुंगायची सवय लागली, की दुधावर साय आली तरी आधी दूधवाल्यावर संशय येतो.

बाबा आयुष्यभर गावोगाव फिरून शिलाई मशीन दुरुस्त करायचे. एका गावात त्यांचा मुक्काम ठरलेला असायचा. खाली खानावळ, वर खोल्या, आणि मालकीण विधवा. धंदा बंद केला तरी हत्यारांची पेटी घेऊन त्या गावाला जाणं काही सुटलं नव्हतं. एका गावात इतकी मशीन बिघडतात तरी कशी, हे मला आधीच विचारायला हवं होतं.

"चांगली बाई आहे गं," बाबा म्हणाले. "पण तुझी आई गेल्यावर तू सांभाळलंस मला. तू नाही म्हणालीस तर नाही. विषय संपला."

एवढा निर्णय ऐकीव माहितीवर कोण घेणार? बाबांना सांगितलं, ऑफिसचं काम आहे. नवऱ्याला गाडीत घातलं आणि निघाले. खोटं नाव वाटेतच ठरवून टाकलं.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?" नवरा म्हणाला. "सरळ भेट ना त्यांना."

"सरळ भेटलं की सगळेच सरळ वागतात. मला आपलं साधं गिऱ्हाईक होऊन जायचंय."

मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, अंगावर एप्रन, चष्मा कपाळावर चढवलेला. तो खाली ओढून त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मी ठरवलेलं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण लिहून काहीच घेतलं नाही. आमच्या मागोमाग एक जोडपं आलं, त्यांचं मात्र नाव, पत्ता, गाडीचा नंबर, सगळं रीतसर लिहून घेतलं.

"तुफान," त्यांनी हाक मारली, "यांना मागची खोली दाखव."

तुफान म्हणजे तिथला वाढपी. बाबांच्याच वयाचा असेल. एक पायरी चढला की दुसरी चढावी की नाही याचा विचार करणारा. हे नाव ज्याने ठेवलं त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

"मागची?" त्याने विचारलं.

"मागचीच."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. शिवाय तुफानने त्या जोडप्याच्या बॅगा उचलल्या आणि आम्हाला म्हणाला, "तुमच्या तुम्ही आणा हं, जिना सांभाळून."

खोलीत शिरले आणि माझी खात्रीच पटली. साबण वापरून झिजलेला. खणात कंगवा, डोकेदुखीचं मलम, चष्म्याची रिकामी डबी. गादीवरचं ब्लँकेट स्वच्छ होतं, पण त्याला जागोजागी ठिगळं. खिडकी उघडली तर खाली स्वयंपाकघराचं मागचं दार आणि कांद्यांची पोती.

"इथे कुणीतरी राहतंय," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या बिऱ्हाडात आपल्याला घुसवलंय."

"उशी मस्त आहे," नवरा आडवा होत म्हणाला. याच्या डोक्यावर छप्पर कोसळलं तरी हा म्हणेल, बरं झालं, वारा येतोय.

जेवायला खाली उतरलो. खिडकीजवळची टेबलं रिकामी असताना आम्हाला बसवलं स्वयंपाकघराच्या दाराला खेटून. टेबलाचा एक पाय आखूड. दार उघडलं की माझ्या खुर्चीला धक्का. ते मागून आलेलं जोडपं खिडकीत बसलं, आणि त्यांच्यापुढे वाफाळतं सूप आलं, कापडात गुंडाळलेला गरम पाव आला, लोण्याची वाटी आली. मग एक प्रवासी एकटाच आला, त्यालाही वाढलं. मग चौघे आले, त्यांनाही.

"आमचं काय?" मी तुफानला विचारलं.

"येईल की. कुठे गाडी चुकतेय?"

"निदान पाणी तरी द्या."

"तो जग आहे ना तिथे, घ्या ओतून." एवढं बोलून तो आत गेला आणि मटाराच्या शेंगांनी भरलेलं पातेलं आणून नवऱ्यापुढे ठेवलं. "मोकळेच बसलाय तर एवढे सोला जरा."

मला वाटलं नवरा आता तरी चिडेल. तो बाह्या सरसावून सोलायलाच लागला.

गिऱ्हाइकाकडून मटार सोलून घेणारी खानावळ मी जन्मात बघितली नव्हती. आणि त्या मालकीणबाई! दारातून डोकावायच्या, आमच्याकडे बघून हसायच्या, परत आत. त्या हसण्याचा मला भयंकर राग आला. ही बाई बाबांना घरात घेऊन अशीच कोपऱ्यात बसवणार, मटार सोलायला लावणार आणि वर हसणार. विधुर म्हातारा, शिवाय फुकटचा नोकर, शिवाय त्याच्या नावावर एक घर. सगळं गणित माझ्यापुढे उलगडलं.

सगळ्यांची जेवणं उरकत आली तेव्हा आमची ताटं आली. एक ताट पांढरं, एक निळं, दोन्हींचे टवके उडालेले. रस्सा कोमट, भात पातेल्याच्या बुडाचा, करपलेल्या खरवडीसकट.

"खरवड!" नवरा खूश झाला.

मी ताट सरकवलं आणि वर जाऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, मी तुमच्या त्या खानावळीत आहे. कोपऱ्यात बसवून सगळ्यांच्या शेवटी वाढलं आम्हाला. शितावरून भाताची परीक्षा होते, आणि इथे तर अख्खा भातच करपलाय. जिला साधं गिऱ्हाईक सांभाळता येत नाही ती तुम्हाला काय सांभाळणार? माझं उत्तर 'नाही' आहे."

बाबांनी एवढंच विचारलं,

"नीट बघितलंस ना?"

"नीट बघितलं."

"बरं. मग नाही म्हणून कळवतो तिला."

फोन ठेवला तेव्हा माझं मन हलकं झालं होतं. एक मोठा खोटा दावा वेळेत पकडला होता मी.

नवऱ्याला उठवून निघायचं म्हणून खाली आले, तर खानावळ रिकामी झालेली आणि नवरा जेवून पुन्हा मटार सोलत बसलेला. मालकीणबाई एप्रनला हात पुसत बाहेर आल्या. त्यांच्या हातात टवका उडालेलं तिसरं ताट होतं आणि त्यात तोच भात. खुर्ची ओढून त्या आमच्याच टेबलाशी बसल्या. तुफानही आपलं ताट घेऊन आला.

"सरक गं जरा," त्या मला म्हणाल्या. "गेले एकदाचे पाहुणे. आता आपण निवांत जेवू. तू जेवली नाहीस का? आणि मघाशी काय गं नाव सांगितलंस? वडिलांचं नाक जसंच्या तसं घेऊन आलीस आणि नाव दुसरंच!"

माझा हात नकळत नाकाकडे गेला.

"तुला लपायचं होतं, मी लपू दिलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, येईल बाहेर आपणहून."

"मग ही वागणूक?" मी कशीबशी म्हणाले. "ती खोली, हे टेबल..."

"खोली माझी आहे. मी आज खाली झोपेन. बाकीच्या खोल्या गिऱ्हाइकांच्या, तिथे तुला कशी ठेवू?"

"इथली पद्धतच आहे," तुफान घास घेत म्हणाला. "गिऱ्हाईक आधी, घरचे शेवटी. घरच्यांनी आपलं पाणी आपण घ्यायचं, हाताला काम असेल तर करायचं. तुमचे बाबा इतकी वर्षं याच खुर्चीवर बसतात. मधल्या टेबलावर बसवलं होतं एकदा, तर रुसले होते."

मला लाज वाटली, आणि बाबा आता नकार कळवतील याची त्याहून जास्त भीती वाटली. मी काही बोलणार, एवढ्यात मालकीणबाईंच्या खिशातला फोन वाजला.

"बघ, तुझ्याच बाबांचा!" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अहो, कोण आलंय सांगू का—"

पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. नुसत्या ऐकत राहिल्या.

"हो. समोरच बसलीय... ती काय म्हणते ते कळलं मला. तुम्ही काय म्हणता?" पुन्हा बराच वेळ त्या ऐकत होत्या. "बरं."

फोन त्यांनी खिशात ठेवला.

"मावशी, चुकलं माझं," मी म्हणाले. "मला वाटलं, मुद्दाम अपमान करताय. थांबा, मी आत्ता फोन करते. माझं हो आहे म्हणून सांगते."

"तुझा राग नाही आला मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू आज पहिल्यांदा आलीस. तुला काय माहीत इथली पद्धत? तुझ्या बाबांना माहीत होती. कोपऱ्यात बसवलं असेल, करपलेलं वाढलं असेल, तर का वाढलं असेल, हे त्यांनी तुला एका वाक्यात सांगायचं होतं."

मी ऐकूनच घेतलं नाही. बाबांना फोन लावला, घाईघाईने सगळं सांगितलं, माफी मागितली. म्हटलं, माझं हो आहे, अगदी मनापासून आहे. मालकीणबाई टेबलाच्या पलीकडून ऐकत होत्या.

"बरं," बाबा म्हणाले. केवढा आनंद होता त्यांच्या आवाजात! "मग हो म्हणून कळवतो तिला."

लगेच मालकीणबाईंच्या खिशात फोन वाजायला लागला. त्यांनी तो काढून बघितला आणि वाजता वाजता टेबलावर ठेवून दिला.

"तू नाही म्हणालीस, ते नाही म्हणाले. तू हो म्हणालीस, ते हो म्हणाले," त्या म्हणाल्या. "मग यात मी लग्न कुणाशी करायचं?"

फोन वाजून वाजून बंद पडला. नवऱ्याने सोलणं थांबवलं होतं. मालकीणबाईंनी माझं न खाल्लेलं ताट उचललं, स्वतःचंही उचललं आणि उठल्या.

"तुफान," दारातून त्या म्हणाल्या, "पाहुण्यांना खिडकीजवळ बसव. गरम वाढ त्यांना काहीतरी."