अॅट्रॅक्टाची नखं

अॅट्रॅक्टा मल्व्हीची नखं गेल्या उन्हाळ्यापासून गावाच्या मालकीची झाली होती. दुकानात तिने दुधाच्या बाटलीचं झाकण फिरवायला घेतलं की गल्ल्यामागून डिंप्ना म्हणायची, "ठेव ते खाली. मी उघडते." तिचे बटाटे शेजाऱ्यांनी खणून दिले. गायींचं सगळं पुतण्या बघू लागला. एकदा प्रार्थनेनंतर चर्चच्या पायरीवर फादरनी तिला संत्रं सोलून दिलं, आणि ते काही फार लोकांसाठी संत्री सोलत नाहीत.

कारण एवढंच, की ड्रमकॅराच्या हार्प उत्सवाची सुरुवात या वर्षी पहिल्यांदा गावातलं माणूस करणार होतं. आमच्याकडचा हार्प जुन्या पद्धतीचा, पितळी तारांचा. तो नखांनी वाजवतात. बाकी देशाने केव्हाच बोटांच्या टोकांनी वाजणाऱ्या, जनावरांच्या आतड्याच्या तारा घेतल्या आणि नखं कापून टाकली. पण जुन्या काळचा आंधळा हार्पवादक मर्टा रुआ आमच्या गावचा. त्याने जमीनदाराच्या बायकोवर चाल बांधली आणि बदल्यात बुटांचा जोड घेतला, असं सांगतात. तीच चाल दर वर्षी शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये पहिली वाजते, आणि आजवर ती कुठून कुठून आलेल्या पाहुण्यांनी वाजवली. अॅट्रॅक्टाने पन्नाशी उलटल्यावर हार्प हातात घेतला होता. आता अंगठ्यांचे सांधे धरायला लागले होते. पुढच्या वर्षी जमेलच असं डॉक्टर म्हणत नव्हते, आणि तीही म्हणत नव्हती.

शनिवारी सकाळी मी चर्चमागच्या खोलीत खुर्च्या पुसत होते. ती आत आली तेव्हा तिचा डावा हात स्वेटरच्या खिशात होता.

"ऊना, दार लाव."

"काय झालं?"

तिने हात बाहेर काढला. मधल्या बोटाचं नख मुळाशीच तुटलं होतं. जुन्या पद्धतीत चालीचे मुख्य सूर डाव्या हाताकडे असतात, त्यामुळे यापेक्षा वाईट बोट निवडणं अवघड होतं.

"वाऱ्याने उत्सवाचा फलक सुटला," ती म्हणाली. "दोरी माझ्या समोरून जात होती. मी धरली."

"तिथे दुसरं कोणी नव्हतं?"

"अख्खी समिती होती. पण सुटलेली दोरी दिसल्यावर कोण विचार करत बसतं?"

"डिंप्नाने पाहिलं?"

"ती चहाच्या भांड्यावरून कुणाशी तरी भांडत होती. देवाची कृपा."

मी आयुष्यभर गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे काहीही चिकटवायचं असलं की लोक माझ्याकडे येतात. टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा नखाच्या आकारात कापायचा आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवायचा, ही युक्ती गिटारवाले करतात हे मला माहीत होतं. चेंडू युवक मंडळाच्या कपाटात मिळाला. तुकडा छान बसला. तिने हार्प खांद्याला टेकवला आणि चाल सुरू केली. पहिली तार ठीक वाजली. दुसऱ्या तारेला तुकडा उडाला आणि खिडकीच्या काचेवर जाऊन आपटला.

"आतड्याच्या तारेवर टिकला असता," मी म्हणाले.

"मग मी तुझ्याकडे आलेच नसते," ती म्हणाली.

मग तिने तशीच वाजवून पाहिली. बाकीचे सूर घंटेसारखे स्वच्छ येत होते, आणि दर ओळीत एक सूर बोटाच्या मांसाने वाजून मंद पडत होता. पुढचा दात पडलेल्या माणसाने हसावं तसं ते ऐकू येत होतं. तेवढ्यात डिंप्ना आत आली. ती उत्सव समितीची अध्यक्ष असल्याने दार वाजवत नाही. दोरीचं तिला समितीकडून कळलं होतं. तिने बोट पाहिलं आणि ती मी पुसलेल्या खुर्चीवर बसली.

"वर्षभर मी दुधाच्या बाटल्या उघडल्या," ती म्हणाली, "आणि तू दोरी धरलीस?"

"फलक तुझ्याच डोक्यावर पडला असता, डिंप्ना."

"पडू द्यायचा. डोक्याला टाके घालता येतात." तिने कार्यक्रमाचा कागद उघडला. "डब्लिनहून हार्प वाजवायला साइव्ह आली आहे. तिला सांगते, सुरुवात तू कर म्हणून. तुला रविवारी दुपारी बसवू, मुलांच्या कार्यक्रमानंतर."

अॅट्रॅक्टाने हार्पवर कापड घालायला घेतलं. ते कापड ती फार नीट घालत होती, आणि ते मला बघवेना.

"थांब," मी म्हणाले. "सूर मंद आहे ही अडचण नाहीये. एकच मंद आहे, ही अडचण आहे. सगळे सारखे मंद असले तर?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. वर्षभर वाढवलेली नखं, बदामाच्या आकाराची, कडा घासून गुळगुळीत केलेली.

"कात्री आहे?" तिने विचारलं.

"मी हे बघणार नाही," डिंप्ना म्हणाली आणि पूर्ण वेळ बघत राहिली.

नखं कापून झाल्यावर आम्ही हार्प चर्चमध्ये नेला आणि तिने पुन्हा चाल वाजवली. आता ती एकसंध होती. मऊ आणि जराशी उबदार, मला तर पहिलीपेक्षा आवडली. पण मी मागे मागे सरकत गेले तेव्हा तिसऱ्या बाकाशी ती विरली.

"माइक लाव," मी डिंप्नाला म्हणाले.

"पहिल्या कार्यक्रमाला माइक नाही. नियम आहे."

"तूच केलेला."

"म्हणूनच मोडता येत नाही."

मग उरला एकच मार्ग. सूर मोठा करता येत नसेल तर बाकीचं सगळं लहान करायचं. मी शेवटच्या बाकावर बसून डोळे मिटले आणि काय काय ऐकू येतं ते पाहिलं. भिंतीवरचे हीटर गुणगुणत होते. खोलीत चहाचं भांडं खदखदत होतं. फाटकाशी फिंटनच्या बटाटे तळायच्या गाडीचा जनरेटर धडधडत होता. झाडांवर कावळे होते, पण ते संध्याकाळी निजतात. गावाचं काय करायचं ते मात्र कळेना. ड्रमकॅराची माणसं अंत्यविधीलासुद्धा बोलतात.

फिंटन माझा जुना विद्यार्थी. चाल चालू असेपर्यंत जनरेटर बंद ठेव, असं मी त्याला सांगितलं.

"बाई, तेल थंड होईल," तो म्हणाला.

"झाकण ठेव. एका चालीपुरतं काही बिघडत नाही."

"आणि रांगेतली माणसं?"

"त्यांना आत पाठव."

"उपाशी?"

"तोंडात बटाटा असला तर गप्प बसतील. आधी खायला दे."

"कागद वाजतो, बाई," तो गंभीरपणे म्हणाला. "मी कागदाशिवाय देतो."

संध्याकाळी चर्च भरलं. जूनचा उजेड अजून खिडक्यांत होता. डिंप्नाने स्वागत केलं आणि किल्ल्यांचा जुडगा वाजू नये म्हणून तो साइव्हच्या मांडीवर ठेवला. अॅट्रॅक्टा उभी राहिली. तिने दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले. मागच्या बाकापर्यंत हळहळ पसरली. एका म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली.

"दोरी धरली," अॅट्रॅक्टा म्हणाली.

"कोणाची?" मधून कोणीतरी विचारलं.

"समितीची."

"मग समितीची नखं वापर."

हसू ओसरेपर्यंत ती थांबली. "आज माझ्याकडे आवाज नाही," ती म्हणाली. "तुम्ही माझी नखं वर्षभर सांभाळलीत. आता एवढी एक चाल सांभाळा."

मी दारात उभी होते, सगळ्यात लांब, मुद्दामच. हात वर करून फिंटनला खूण केली. जनरेटर बंद पडला. हीटर आणि चहाचं भांडं आधीच बंद केलं होतं. मग माणसं बंद होत गेली, एकेक बाक करून. कुठेतरी एक बूट लाकडावर घासला आणि तोही थांबला. मी या गावात जन्मले, पण या गावाची शांतता मी पहिल्यांदा ऐकली.

अॅट्रॅक्टाने सुरुवात केली. पहिला सूर माझ्यापर्यंत आला. लहान, पण पूर्ण. मग दुसरा. ती घाई करत नव्हती. प्रत्येक तार वाजल्यावर ती आधीची तार बोटाने दाबून मिटवत होती, आणि आता नख मध्ये येत नसल्यामुळे तार लगेच निवत होती. सूर एकमेकांवर सांडत नव्हते. जमीनदाराच्या बायकोसाठी बांधलेली ती चाल मी दर वर्षी ऐकली आहे. तिच्या मधोमध एक छोटी खोडकर उडी आहे, हे मला आज कळलं. पुढच्या बाकावर साइव्हने डोळे उघडले आणि ती पुढे झुकली.

एका मुलाला शिंक आली. त्याच्या आईने ती पदरात घ्यावी तशी आपल्या कोटात घेतली.

शेवटची तार अॅट्रॅक्टाने मिटवली नाही. पितळ बराच वेळ बोलत राहतं. टाळी कोणी वाजवेना, कारण पहिली टाळी म्हणजे त्या सुराचा शेवट.

फिंटन माझ्या कानाशी आला. "बाई, आता चालू करू?"

"थांब," मी कुजबुजले. "अजून येतोय."

त्याने मान तिरपी करून ऐकलं. "हो की," तो म्हणाला, आणि हातातला झारा अलगद गवतावर ठेवला.