वीस दिवसांचा मामा

असोद्याच्या कुंदनचं छत्तिसावं सरलं तरी लग्न जमलं नव्हतं. त्याचं त्याला आता फारसं काही वाटतही नव्हतं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरं आली की त्यांना दिवसभर गुंतवायचं कसं, या एका विचारानं मार्चपासून त्याच्या डोक्याचा भुगा झाला होता. हसू नका. आधी ऐकून घ्या.

त्याची थोरली बहीण दिपमाला धुळ्याला दिलेली. दोन वर्षांपूर्वी तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेली. मागे दोन लेकरं राहिली, दहा वर्षांचा हितेश आणि सहा वर्षांची गुंजन. गेल्या उन्हाळ्यात त्यांना असोद्याला आणलं तेव्हा कुंदनला वाटलं होतं, पोरंच ती, खातील, खेळतील. कसलं काय! तिसऱ्या दिवशी हितेशने मोबाइलमध्ये डोकं घातलं ते काढलंच नाही. बाहेर पंचेचाळीस अंश तापलेलं, अकरा ते पाच दाराबाहेर पाय टाकायची सोय नाही. आणि दुपारची घरात सामसूम झाली, की गुंजन आईच्या फोटोखाली जाऊन बसायची. "आजी, आई इथं येते का गं दुपारची?" असं विचारायची. सुनंदाबाई, म्हणजे कुंदनची आई, पदराचा बोळा तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळायच्या.

म्हणून यंदा कुंदनने ठरवलंच होतं, पोरीचा एक तास रिकामा जाऊ द्यायचा नाही. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्याने वीस दिवस आखले. सकाळी सहाला मळ्यातल्या विहिरीत पोहायचं. त्यासाठी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब पंक्चर काढून हवा भरून ठेवली. दुपारी कॅरम, मातीचे बैल, केळीच्या सोपटाचे दोर वळायचे. आजी बिबड्यांसाठी, म्हणजे वाळवणाच्या पापडांसाठी, ज्वारीचा चीक शिजवेल त्या दिवशी तो वाटीत घेऊन तेल टाकून गरमगरम खायचा. संध्याकाळी मोटरसायकलवरून जवळच जळगावचा मेहरूण तलाव. दारच्या निंबाला आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, झोका. अंगणवाडीच्या नूतनताईंकडून तर तो कागदाची होडी, टोपी आणि उडी मारणारा बेडूकही शिकून आला. एवढा बाप्या माणूस अंगणवाडीच्या चटईवर मांडी घालून बेडूक घडवतोय म्हटल्यावर सगळी गल्ली खिदळत होती. "कुंदनभाऊ, आधी स्वतःचं एखादं होऊ द्या!" तो म्हणायचा, "ही दोन काय परकी आहेत का?"

एप्रिलच्या शेवटी त्याने दाजींना, प्रेमराजला फोन लावला. प्रेमराजने माघात दुसरं लग्न केलं होतं, शिरपूरच्या कामिनीशी. दोन लेकरांचा बाप, करणार काय? कोणी त्याला नावं ठेवली नव्हती.

"दाजी, पोरांच्या बॅगा भरून ठेवा. आखाजीच्या आधी न्यायला येतो."

"हो, हो," प्रेमराज म्हणाला. मग जरा घुटमळला. "कुंदन, यंदा कामिनीचीही पहिलीच आखाजी आहे."

"हो का? वा, वा! मग पोरांना तेवढं पाठवून द्या."

आता या भाबड्याला काय म्हणावं! आखाजीला लेक माहेरी येते आणि भाऊ मुराळी होऊन तिला घ्यायला जातो, हे तर त्याला ठाऊक होतं. पण लेक गेली आणि जावयाने दुसरी केली, तर त्या दुसरीला पहिलीच्या आईने बोलवायचं, साडी नेसवायची आणि चारचौघांत म्हणायचं, ही माझीच लेक, अशीही रीत असते. मग पोरांचं आजोळ तुटत नाही. प्रेमराज तेच सुचवत होता. उघड मागायची त्याला लाज वाटली, आणि कुंदनचं सगळं लक्ष बेडकात.

सुनंदाबाईंना मात्र शेजारी बसून ऐकताना बरोबर कळलं होतं. त्यांनी ते दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा कुंदनच्या पायाखालची जमीन सरकली.

"मग बोलव ना माय तिले!"

"मी तिले लेक म्हनू? दिपाच्या पाटावर बसवू?" सुनंदाबाईंचा आवाज चिरकला. "माह्या तोंडातून तो शब्द निघत नाही रे. पोरं पाठवायची तर पाठव म्हना, नाही तर राहू दे!"

राहू दे, हे त्या रागात बोलल्या. मनातून त्यांना वाटत होतं, जातील कुठे, येतीलच, आपलीच नातवंडं आहेत. रागावलेल्या माणसाला असल्या गोष्टींची भारी खात्री असते.

आठ दिवस गेले. प्रेमराज फोन उचलेना, आणि उचलला तर "बघतो, सांगतो" यापुढे जाईना. कुंदनने आईची विनवणी केली, तिच्यावर चिडला, दोन दिवस तिच्याशी बोललाही नाही. आखाजी तीन दिवसांवर आली तेव्हा सकाळी सुनंदाबाईंनी आपणहून पेटी उघडली आणि हिरवी साडी बाहेर काढली. दिपमालासाठी घेतलेली, ती गेल्यावर घडीतच राहिलेली. त्यावर नारळ ठेवला.

"चाल," त्या म्हणाल्या. "म्हनते मी तिले लेक. पोरांसाठी म्हनते."

जळगावहून धुळ्याच्या एसटीत बसल्यापासून त्यांचे ओठ हलत होते. कुंदनला वाटलं, देवाचं नाव घेत असतील. कान देऊन ऐकलं तर म्हातारी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, "कामिनी, तू माही लेक." पारोळा आलं तरी चालूच होतं. कुंदनला भडभडून आलं, आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला.

धुळ्याला दार उघडलं प्रेमराजच्या आईने, यशोदाबाईंनी. निर्मळ मनाची बाई.

"या, या, बठा! अशा अचानक?"

"पोरं कुठं आहेत?" कुंदनने चप्पल काढायच्या आधी विचारलं.

"पोरे घर नही शेतस ना! परवदिनच शिरपूरले गयात, मामाना गावले. नवीन उना व्हता मुराळी. बठ्ठासले लई गया."

नवीन म्हणजे कामिनीचा भाऊ. परवाच येऊन तो तिला आणि पोरांना, सगळ्यांनाच घेऊन गेला होता. कुंदन खुर्चीवर बसला. सुनंदाबाई बसल्या नाहीत. त्यांनी साडी आणि नारळ यशोदाबाईंच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "माह्या लेकीले द्या."

"कोनले?" यशोदाबाई गोंधळल्या.

सुनंदाबाईंनी साडीवरचा नारळ सरळ केला. "कामिनीले," त्या म्हणाल्या.

यशोदाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी साडी छातीशी धरली. "आठ दिन पहिले सांगतात ना, त् ती खुशीमा येती. खूप वाट देखी तिनी." मग त्यांनाच राहवेना. त्यांनी लगेच शिरपूरला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कुंदनच्या हातात दिला. कामिनी कुठे कामात होती. फोन गुंजनने उचलला. केस ओले, हनुवटीवर आंब्याचा रस.

"मामा! आजी!" पोरगी खुदकन हसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. शेळीला दोन पिल्लं झाली, दादा सायकल शिकला, काल सगळ्यांनी मळ्यात भरीत केलं.

"दुपारी काय करतेस गं?" कुंदनने विचारलं.

"दुपारी? पत्ते. मी सगळ्यांना हरवते!"

कुंदनला हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, खरंच वाटलं. तरी त्याने लगेच विचारलं, "असोद्याला कधी येतेस मग?"

गुंजनने मान मागे वळवली आणि मोठ्याने हाक मारली, "मामा, असोद्याला कधी जायचं?"

"तू म्हणशील तेव्हा," असं कुंदनच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात फोनमधून कुणा पुरुषाचं हसणं ऐकू आलं, "अगं, आत्ता तर आलीस!"

"आत्ता नाही," गुंजनने सांगितलं. बाहेरून कुणीतरी तिला बोलावलं आणि फोन बंद झाला.

सुनंदाबाईंना डोक्यावरच्या पंख्याच्या घरघरीत नीटसं ऐकू आलं नव्हतं. त्या पुढे वाकल्या. "काय म्हने पोरगी? मामा, मामा करून काय विचारत होती तुले?"

"मले नाही माय," कुंदन म्हणाला. "तिच्या मामाले विचारत होती."