पाच दाण्यांची गाठ

पुण्याच्या बाईंचा पहिला फोन आला तेव्हा मी त्यांचीच बरणी धूत होते. चिनी मातीची, पोटाला पिवळसर, गळ्याशी तपकिरी, अर्धं घर महिनाभर लोणचं खाईल एवढी. हट्टा गावातल्या एका घरात माळ्यावर ती वीस वर्षं पालथी पडली होती.

"राणी अँटिक्स ना? मी आत्ताच बरणी घेतली तुमच्याकडून. पॅकिंग कसं करता हो तुम्ही?"

"चांगलं करतो मॅडम. आजवर काही फुटलं न्हाई."

"ते सगळेच म्हणतात."

मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

हे दोन हजार आठचं. नांदेडच्या वाटेवर वारंगा फाट्यावर माझ्या नवऱ्याचं, धम्मदीपचं, मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात एक कॉम्प्युटर आणि टेलिफोनच्या तारेवरून खुरडत चालणारं इंटरनेट. दोन वर्षांमागं त्यांनी गंमत म्हणून कंदिलाच्या जुन्या काचेचा फोटो एका विक्रीच्या वेबसाइटवर टाकला आणि बंगळुरूच्या माणसानं ती काच घेतली. मग ते मोटारसायकलवर गावं फिरायला लागले. बरण्या, कंदील, गोळीच्या सोड्याच्या बाटल्या गोळा करायचे. मी माल धुवायची, फोटो काढायची, लोकांना उत्तरं द्यायची. आणि बांधायच्या माझ्या सासूबाई, जनकाबाई. मी त्यांना आत्या म्हणते.

एकशे शहाऐंशी पार्सलं गेली. एकही फुटलं नाही. वेबसाइटवर आमच्या नावापुढं एकशे शहाऐंशी हिरव्या खुणा होत्या. बी.ए. झाल्यावर दुसऱ्याच्या रानात निंदायला न जाता केलेलं माझं ते पहिलं काम. वेबसाइटवरच्या दुकानाचं नाव धम्मदीपनं माझ्यावरून ठेवलं. राणी अँटिक्स. आडनाव टाकलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "लांबलचक दिसतंय." मला कळलं होतं, आणि मला कळल्याचं त्यांनाही कळलं होतं.

आत्यांची बांधायची रीत त्यांची स्वतःची. जुनं लुगडं दोनदा साबणानं धुवायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, कडक उन्हात वाळवायचं. मग टराटरा फाडून त्याचे तुकडे.

"नवं कापड ताठ असतं माय, टोचतं," त्या म्हणायच्या. "लेकरू झालं की त्याला आदी जुनंच घालतेत का न्हाई? काहून? मऊ असतंय म्हणून. मंग काच काय लेकरावून टणक हाय व्हय?"

बांधताना त्या स्वतःशीच गुणगुणायच्या. शब्द दरवेळी निराळे. त्या दिवशीचे मला आठवतात :

लांबच्या वाटंची गं, वाट खाचखळग्याची
नीज माझे बाई, तुला घडी लुगड्याची

आणि शेवटच्या गाठीत ज्वारीचे पाच दाणे दाबायच्या. ही सवय मजुरीच्या दिवसांतली. सुगीत बाया रानात वाकलेल्या असायच्या, तेव्हा मुकादम बांधावर ठेवलेली त्यांची भाकरीची फडकी सोडून बघायचा, कणसं लपवली का म्हणून. सगळ्या बायांची नाही, आमच्या वस्तीतल्या बायांचीच. बघून परत तशीच बांधून ठेवायचा आणि विचारलं तर नाही म्हणायचा. म्हणून आत्यांनी गाठीत दाणे घालायला सुरुवात केली. गाठ सुटली की दाणे सांडतात. परत बांधणाऱ्याला ते माहीत नसतं. "त्याला जाब तर इचारता येत न्हवता," आत्या सांगायच्या, "पर मला तरी ठावं पायजे ना, माझं फडकं कुणी सोडलं ते."

घाबरून फोन करणारी माणसं मला नवी नव्हती. बंगळुरूचा माणूस म्हणायचा, काच बांधायच्या आधी वाजवून बघा. नाशिकच्या एका आजोबांनी तर तीनदा फोन केला, कारण त्यांच्या आईच्या हातून फुटलेल्या बरणीसारखी हुबेहूब बरणी त्यांना आमच्याकडं सापडली होती. फुटणाऱ्या वस्तूवर जीव लावला की माणूस असाच होतो. अशांना मी कधी हसले नाही. समजूत घालून घालून माझा आवाजच मऊ झाला होता.

पुण्याच्या बाईंनी चार दिवसांत सात फोन केले. फुग्यांचं प्लास्टिक, ते बबल रॅप, लावा. मी नांदेडहून मागवलं. दोन खोकी वापरा, एकात एक. दोन काढून ठेवली. झाकण वेगळं गुंडाळा. गुंडाळलं. चारी बाजूंनी 'काच आहे' असं लिहा. लिहिलं, लाल शाईनं, मराठीत आणि हिंदीतही.

सातव्या फोनवर त्या म्हणाल्या, "पॅक कोण करतं हो तुमच्याकडे?"

"माझ्या सासूबाई."

"अरे वा. घरचंच माणूस. आडनाव काय तुमचं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "खिल्लारे."

"खिल्लारे म्हणजे... कोणत्या?"

"वारंगा फाट्याचे."

"तसं नव्हे हो. लोणचं घालायचंय ना बरणीत, म्हणून विचारते."

मग मी सांगितलं. सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध. पलीकडं टीव्ही चालू होता तेवढा ऐकू आला. "बरं, बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आत्या बरणीजवळ बसल्या होत्या. "काय म्हनं?"

"नीट बांधा म्हणल्या."

"बांधूनच तर राहिले मी," आत्या म्हणाल्या आणि गाठीत पाचवा दाणा दाबला. त्यावर मी फुग्यांचं प्लास्टिक गुंडाळलं, बरणी खोक्यात घातली आणि पार्सल गेलं.

नवव्या दिवशी वेबसाइटची मेल आली. इंग्रजीतली ती मेल धम्मदीपनं दोनदा वाचली, मग मला मराठीत सांगितली. तक्रार होती. बरणीच्या आत काळे डाग आहेत. वास येतो. काठाला टवका उडालाय. घरातल्या बायकांच्या नेसत्या, घाणेरड्या कापडात गुंडाळून पाठवली. बरणी परत पाठवत आहोत. खाली वेबसाइटचा हुकूम : विक्रेत्यानं तीन दिवसांत चूक लेखी मान्य करून माफी मागावी, नाहीतर दुकान बंद.

घाणेरडं कापड. दोनदा धुतलेलं, उकळलेलं, वैशाखाच्या उन्हात तापवलेलं कापड. ती बरणी मी स्वतः आतून हात घालून पुसली होती, काठावरून बोट फिरवलं होतं. टवका.

"दोन ओळी लिहून टाक," धम्मदीप म्हणाले. "कोण बघून राहिलंय?"

"मी बघून राहिले की."

"तू बघ. पर दुकान गेलं तर काय करतीस? परत निंदायला जातीस?"

"तुमी घाबरून आडनाव झाकलं. काय झाकलं गेलं?"

ते कोणाचातरी मोबाइल उघडून त्यात स्क्रू शोधत बसले. मला त्यांचाही राग आला, आणि ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं याचा त्याहून जास्त.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटरपुढं बसले. धम्मदीपनं इंग्रजीत दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. कापड अस्वच्छ होतं, आम्ही दिलगीर आहोत. फक्त पाठवायचं बाकी होतं. आत्या चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांना अक्षर येत नाही.

"काय लिवलंस?"

"पॅकिंगचं लिवलंय."

"काय पॅकिंगचं?"

मला सांगता येईना. तुमचं लुगडं घाण होतं असं लिहिलंय, हे त्या लुगड्याच्या धनिणीला कसं सांगायचं? मी म्हणाले, "चहा ठेवा आत्या." तेवढ्यात दारात कुरिअरची गाडी थांबली.

आमचंच खोकं होतं. लाल शाईतलं माझंच अक्षर, वरून नवी चिकटपट्टी. आम्ही ते टेबलावर उघडलं. दुसरं खोकं. मग फुग्यांचं प्लास्टिक, एका बाजूनं कापलेलं, तिथून लुगड्याचा हिरवा रंग दिसत होता. प्लास्टिक काढलं. आत बरणी तशीच, गुरफटलेली.

आत्यांनी हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. गाठीवर वाकून बघितलं. अंगठ्यानं दाबून बघितलं.

"राणे," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ही गाठ सुटलीच न्हाई."

"म्हंजे?"

"माझी हाय ही. जशीच्या तशी हाय. दाणे हायत आत."

धम्मदीप उठून आले. मी त्यांच्या हातात दुकानातला कॅमेऱ्याचा मोबाइल दिला. त्यांनी एकामागं एक फोटो काढले. आत्यांनी गाठ सोडली. पाच दाणे टेबलावर पडले, एक घरंगळत माझ्यापुढं आला. कापड उलगडलं. बरणी आतून लख्ख होती. काठावरून मी बोट फिरवलं, पूर्ण गोल, कुठंच अडलं नाही.

त्या बाईंनी बरणी बघितलीच नव्हती. काळे डाग, वास, टवका, सगळं न बघता लिहिलं होतं. प्लास्टिक कापलं, लुगडं दिसलं, आडनाव आठवलं आणि खोकं परत चिकटवून टाकलं.

"मुकादम तरी उघडून बघायचा," आत्या म्हणाल्या. त्यांनी कापडाची घडी घातली आणि मांडीवर घेऊन बसल्या.

मी दोन ओळी पुसल्या. फोन उचलला.

"मॅडम, वारंगा फाट्यावरून बोलते. तुमी बरणी उघडलीच न्हाई."

"हे बघा, मी तक्रार केली आहे, आता तिथेच काय ते..."

"गाठ बांधलेली हाय अजून. टवका कुठून दिसला तुमाला?"

त्या मग म्हणाल्या, आणि अगदी समजुतीनं म्हणाल्या, जशी मी इतके दिवस त्यांची समजूत घालत होते, "काळजी तुम्ही घेतलीत, मी नाही म्हणत नाही. पण लोणच्याची बरणी आहे हो. आमच्याकडे सासूबाई आहेत, त्यांना चालत नाही."

"मग तसं लिवायचं. टवका काहून लिवला?"

"तसं कुठे लिहिता येतं का आता?"

इतके दिवस जो आवाज मी मऊ करत आले होते तो मला सापडेना, आणि बरंच झालं. "न्हाई येत," मी म्हणाले. "लाज वाटती म्हणून न्हाई, पकडलं जाईल म्हणून येत न्हाई. आन् जे लिवता येतं त्यानं आमचं दुकान बंद पडतं. तुमची बरणी माझ्या सासूनं लेकरावानी बांधली व्हती मॅडम. तुमच्या सासूला सांगा."

फोन कट झाला. त्यांनी केला की मी, मला आठवत नाही.

फोटो आम्ही वेबसाइटला पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आलं. तक्रार सिद्ध होत नाही. तरीही पुढच्या ग्राहकांचा विचार करून विक्रेत्यानं वापरलेलं कापड वापरणार नाही अशी हमी द्यावी. खाली एक बटण होतं, 'मान्य'. ते दाबलं की दुकान सुरू.

धम्मदीपनं माउसवरचा हात काढून घेतला. "तूच बघ," म्हणाले. या वेळी ते घाबरून म्हणाले नाहीत.

"ते दाबलं की काय व्हतं?" आत्यांनी विचारलं.

"दुकान उघडतं. पर तुमचं लुगडं बंद."

मी एकशे शहाऐंशी हिरव्या खुणांकडं बघितलं. एकेक पार्सल मला पाठ होतं. खरंच खूप वाईट वाटलं. मग मी कॉम्प्युटर बंद केला.

आता फाट्यावर, नांदेडकडं वळणाऱ्या गाड्या जिथं चहाला थांबतात, तिथं आमचं बाकडं आहे. वर बरण्या, कंदील, बाटल्या. पाटी धम्मदीपनं स्वतः रंगवली : राणी धम्मदीप खिल्लारे, जुन्या काचा व बरण्या. आडनाव सगळ्यात मोठं काढलं. माल महिन्याला जेमतेम विकला जातो, पहिल्याच्या निम्माही नाही. मी शेजारी शिलाई मशीन टाकलीय.

परवा एक गाडी थांबली. यवतमाळकडच्या बाई होत्या. कंदिलाची काच हातात घेऊन म्हणाल्या, "फुटणार नाही ना हो? नीट बांधाल ना?"

आत्यांनी लुगड्याचा तुकडा पसरला. बाईंची नजर कापडावर गेली, मग पाटीवर. मी शिलाई थांबवली. पुण्याच्या फोनमधला तो गप्पपणा एकदा मला माणसाच्या तोंडावर बघायचा होता.

"जरा घट्ट बांधा, मावशी," त्या म्हणाल्या. "पुढचा रस्ता लई खराब आहे."

माझा राग काही त्यानं उतरला नाही. तो उतरावा असं मला वाटतही नाही. पुण्याहून परत आलेली बरणी बाकड्यावर पहिल्या नंबरला ठेवलीय. ती मी विकत नाही. आत्यांनी तिचं झाकण काढलं, आत हात घातला आणि गाठीसाठी पाच दाणे ज्वारीचे मोजून घेतले.