हळद गेली जीपच्या मागं

रुपीआत्याला मुंबईला नेलं ते डोळ्याच्या ऑपरेशनला. डोळा झकास झाला, पण बाई कानातनं गेली, असं तिचा भाचा तुषार सगळ्या दाभोसा गावात सांगत फिरायचा. खोटं नव्हतं हो! नात्यातल्या एका पोरीनं तिचं मन रमवायला म्हणून तिला जुन्या गोदामांकडं फिरवून आणलं. तिथं भिंतीवर चार मजले उंच झोपलेली बाई रंगवली होती. अंगणात गंजक्या पाइपांचा हत्ती उभा होता. आणि आत हर्षदा नावाची पोरगी टेबलावर वायरींचा गुंता मांडून वाजवत बसली होती. ना ढोल, ना पेटी, ना गाणं. फ्रिजची घरघर, टाकी भरल्याचा आवाज, मधूनच पत्रा ओढल्यासारखी किंकाळी. माणसं डोळे मिटून गप्प. आत्याला आधी हसू फुटलं. मग ती चक्क रडली.

झालं! तेव्हापासून जव्हारच्या बाजारात वांगी विकणं राहायचं बाजूला आणि बाई हत्तीचं वर्णन करत बसायची. "तुमच्या डेपोत काय हाय? उभ्या एसट्या. त्यांच्यावर एक फूल तरी काढा कुणी!" घरी मोबाइलवर दिवसभर घूं घूं. जव्हारहून ऑफिस करून आलेला तुषार दारातूनच ओरडायचा, "आत्ये, तो मिक्सर बंद कर!"

तुषारची आई लवकर गेली. त्याला वाढवला आत्यानं, त्यामुळं त्याच्या लग्नात शब्द तिचाच. आणि तिनं काय करावं? हळदीचा डीजे परस्पर रद्द केला आणि फोन करून हर्षदाला बोलावलं. तुषारनं डोक्याला हात लावला. "आत्ये, पोशेऱ्याचे व्याही येणारेत. कुणी नाचलं नाय तर हळद कोरडी गेली म्हणतील. जन्मभर ऐकवतील मला."

"नाचतील," आत्या म्हणाली. "नाय नाचले तर माझं नाव बदल."

हळदीच्या दिवशी उन्हं कलली तशी हर्षदा आली. लाइटचा भरवसा नव्हता, म्हणून गावातल्या जिव्यानं आपल्या जीपच्या बॅटरीवरून तिला वायर ओढून दिली. नवरदेव पिवळाधमक होऊन पाटावर बसला. हर्षदानं बटण फिरवलं.

घूंऽऽऽ.

कुत्री उठून गेली. व्याहीण फागीबाईनं शेजारणीला विचारलं, "बिघडलंय काय?" मग टाकी भरली, पत्रा किंचाळला. मांडव ढिम्म. आत्यानं एकेकाकडं बघून मान डोलावली, हातवारे केले, एकदोघींना कोपरानं ढोसलं. कुणी हललं तर शपथ! पाटावरचा तुषार खाली मान घालून बसला होता, आणि त्याच्याकडं बघून आत्या चरकली. आपल्या हौसेपायी पोराची हळद नासली. आपण कोण लागून गेलो मुंबईच्या?

रागारागात ती म्हाताऱ्या बुधावर जाऊन आदळली. बुधा गावचा तारपावाला, भोपळ्याचं ते लांब वाद्य फुंकणारा. "तू तरी उठ की रे मेल्या! जळतोस व्हय पोरीवर?"

"जळू कशाला? बरं वाजवतेय," बुधा शांतपणे म्हणाला. "पण रुपे, ती बाय बसलीय. नाचायचं कुणाच्या मागं?"

आत्यानं कपाळावर हात मारला. अगं बाई, खरंच की! आपल्याकडं तारपावाला पुढं चालतो आणि नाचणारे कमरेत हात गुंफून त्याच्या मागं. तो वळला की वळायचं, तो थांबेस्तोवर थांबायचं नाही. बसलेल्या वाजवणाऱ्यापुढं ही माणसं बिचारी वाट बघत बसली होती, कधी उठते म्हणून!

"उचला टेबल!" आत्या गरजली. "चढवा जीपवर! जिव्या, हळूहळू काढ गाडी."

हर्षदा "अहो आत्या, वायरी, वायरी" करेपर्यंत तिच्यासकट टेबल जीपच्या मागच्या भागात पोचलंसुद्धा. जीप गुरगुरली. पोरीचे डोळे चमकले. तिनं माइक खाली सोडून इंजिनाचाच आवाज धरला. जीप मांडवाभोवती फिरू लागली आणि मागं बुधा उठला, बायका उठल्या, पोशेऱ्याचे व्याही उठले. हात गुंफले गेले. फागीबाई तर सगळ्यांच्या पुढं!

आता खरी गंमत झाली. नाचणारे थांबेनात, कारण वाजवणारी थांबत नव्हती. वाजवणारी थांबेना, कारण मुंबईत तिच्यापुढं कुणी कधी बोटसुद्धा हलवलं नव्हतं. आणि जिव्याला कुणी थांब म्हटलंच नव्हतं. मांडवाभोवतीची जागा अपुरी पडली तशी त्यानं जीप रस्त्याला घातली. बघता बघता सगळी हळद नदीच्या बाजूला वळणाआड दिसेनाशी झाली.

मांडवात उरले दोघंच. पाटावरून उठायची बंदी असलेला नवरदेव आणि दुखरे गुडघे धरून मागं राहिलेली आत्या. लांबून घूं घूं येत होतं.

"आत्ये, माझी हळद गेली," तुषार म्हणाला.

"कोरडी नाय ना गेली?"

तो हसला. मग आवाज बारीक होत होत बंदच झाला. वळणापलीकडं पार लांब गेले असणार. मांडवात फार शांत वाटू लागलं. आत्या खांबाला टेकून बसली होती, दमलेली. दुसऱ्याच्या हळदीत ही बाई आजवर कधी बसलेली दिसली नव्हती. आज स्वतःच्या पोराच्या हळदीत तिला नाचायलाच मिळालं नव्हतं.

तुषार पाटावरून उठला. "आत्ये, तुझा तो मिक्सर लाव की."

"मोबाइल त्या हर्षदानं नेलाय रे, आवाज भरायला."

"मग तोंडानं वाजव. मला नाचायचंय."

"अरे पण पुढं कोण चालणार?"

"तूच. वाजवणारा पुढं."

उभ्या जन्मात आत्या वाजवणाऱ्याच्या मागंच नाचली होती. पुढं असतात ते बाप्ये. ती गुडघ्यांवर हात देऊन उठली, पदर खोचला, एकदा रस्त्याकडं बघून घेतलं आणि घशातून काढला, घूंऽऽऽ. मग पत्रा ओढल्यासारखी किंकाळी मारली, अगदी हुबेहूब. आणि ती चालू लागली. मागं पिवळा तुषार, ती वळेल तिथं वळत.