चादरीचं दुसरं टोक

चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही. म्हणजे घालता येते, पण ती घडी नसते, गाठोडं असतं.

आमच्या लाँड्रीत लॉजच्या चादरी यायच्या. एक टोक बायकोकडे, एक माझ्याकडे. मग मंदी आली, प्रवासी आटले, सहापैकी पाच लॉज बंद पडले. त्याच वर्षी आजारपणात बायको गेली. उरलेल्या लॉजच्या रोज चाळीस चादरी होत्या. त्यांचं दुसरं टोक मी दाराच्या कडीत अडकवून पाहिलं. लॉजवाला म्हणाला, "महिनाभर बघतो, काका. मग दुसरीकडे देईन."

सरकारने योजना काढली होती. मंदीत ज्या धंद्यातली माणसं कमी झाली, त्यांना मशीन. यादीत चादरींची घडी घालणारं मशीनही होतं. मी अर्ज केला. तपासायला माझ्या निम्म्या वयाचे एक साहेब आले.

"काका, आधी कामगार दोन, आता एक. दुसरा का कमी झाला?"

"माझी बायको होती. वारली."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "वाईट झालं. पण त्याला रकाना नाही. दोनच आहेत. मंदीमुळे काढलं, नाहीतर स्वखुशीने गेली."

"चाळीस चादरी टाकून ती स्वखुशीने जाणारी नव्हती."

"मग मंदीमुळे काढलं असं लिहू. मशीन मिळेल."

मशीन हवंच होतं. पण सहीला हात उचलेना.

"मी तिला काढणारा कोण, साहेब? परवाना तिच्या नावावर. उलट तिनेच मला दोनदा काढलं होतं. एकदा पांढऱ्या चादरींत निळी पँट उकळली म्हणून."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तिच्या भावाला बोललो म्हणून."

साहेब हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. "परत कामावर घेतल्याचा कागद?"

"संध्याकाळी चहा दिला तिने. कागद कशाला?"

"म्हणजे तुम्ही कामावरून काढलेले कामगार. या योजनेत बसत नाही. बेरोजगारांच्या योजनेत मात्र व्यवस्थित बसता."

वीस दिवसांनी पत्र आलं. 'लाँड्री व्यवसायाची तोंडओळख' या मोफत प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली होती. वर अभिनंदन. अठ्ठावीस वर्षं लाँड्री चालवल्यावर ओळख व्हायला हरकत नव्हती. निदान ते मशीन बघायला मिळेल म्हणून गेलो.

मशीन होतं. खोक्यात, उद्घाटनाची वाट बघत.

शिकवणाऱ्या बाईंनी भिंतीवर चादरीचं चित्र दाखवलं आणि जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला एक बेकरीवाला आला. त्याची बेकरी मंदीत बुडाली होती, आणि शिवणकामाचा वर्ग भरला म्हणून त्याला इकडे ढकललं होतं. त्याने कोपरे धरले आणि चादर अशी ताणली की मधे एक सुरकुती राहिली नाही. तिच्यानंतर अशी ताणलेली चादर माझ्या हातात आली नव्हती. मी घडी घालायची सोडून चादरीकडेच बघत राहिलो.

"चुकलं का काही?" त्याने विचारलं.

"नाही. माझ्याकडे रोज चाळीस आहेत अशा. येता का? मिळेल त्यात निम्मं तुमचं."

बाई म्हणाल्या, "गैरहजर राहिलात तर प्रमाणपत्र मिळणार नाही."

"त्यावर पाव भाजता येतो का, बाई?" बेकरीवाला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "किती वाजता?"

"पहाटे पाचला. जमेल?"

"पाचला? मी तीनला उठतो, काका. तोवर करू काय?"