पाचवी सुधारणा

सरांनी माइकवर दोनदा टिचकी मारली, फू करून पाहिलं आणि पुढच्या सीटला पाठ टेकवून ते उभे राहिले. गाडी नेमकी वळणावर होती. पहिलं वाक्य तोंडातून निघायच्या आधीच सर ड्रायव्हरच्या खांद्यावर कलले.

"सांभाळा सर," ड्रायव्हर म्हणाला.

"तू समोर बघ रे कुंपण्या," सर म्हणाले, आणि सगळी गाडी हसली.

निवृत्त शिक्षकांची सहल होती. बावीस माणसं, अकरा दिवस, आणि आजचा सहावा. देश एवढा मोठा की सहा दिवसांत मातीचा रंग चारदा बदलला होता आणि बाहेरच्या पाट्यांवरची भाषा दोनदा, तरी नकाशावर बोटभरच अंतर कापलं गेलं होतं. रोज दुपारी, जेवणानंतर, सगळ्यांचे डोळे मिटायला लागले की इतिहासाचे सर माइक हातात घ्यायचे. कुणी बोलवायची वाट त्यांनी एकदाही पाहिली नाही. चौतीस वर्षं शिकवून झालं तरी बोलायची हौस फिटली नव्हती, आणि घरी ऐकायला एकटी बायको उरली होती. तीही सहलीत होती, पण तिने ऐकायचं कधीच सोडलं होतं.

"परक्यांनी आपल्याला लुटलं, हे खरंच," सर म्हणाले. "पण इतिहास म्हणजे तराजू. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघायला हवं. रेल्वे कुणी आणली? टपाल, तारा, शाळा? काही सुधारणा झाल्या, हे मान्य करायला मन मोठं लागतं."

मागे गणिताचे सर घोरत होते. सरांनी मन मोठं केलं आणि बोलणं चालू ठेवलं.

तासाभराने ड्रायव्हरने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "इथं दहा-पंधरा मिनिटं थांबतो. पुढं दोन तास बायकांसाठी सोय नाही."

समोर एक बुटकी दगडी इमारत होती. एकेकाळचा सरकारी नाका, आता दोन खोल्यांचं संग्रहालय. मागे स्वच्छतागृहं होती आणि ती नावाप्रमाणे स्वच्छ होती, म्हणून येणारी-जाणारी प्रत्येक सहल इथे थांबत असे. दारात किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक बाई उभी होती. सहलवाल्यांची भाषा तिला मोडकीतोडकी येत होती, पण तेवढ्यावर ती भागवून नेत होती.

"मागचं वापरलं तर पुढचंही बघायचं," ती म्हणाली. "आमचा नियम आहे."

तिला नाही म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. जन्मभर दुसऱ्यांना नियम सांगितलेली माणसं मुकाट्याने आत गेली.

पहिल्या खोलीत भिंतभर नकाशा होता. त्यावर वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक जाड हिरवी रेघ ओढलेली होती.

"ही कुठली नदी?" सरांनी विचारलं. परीक्षा घ्यायचा तो सूर त्यांचा अजून गेला नव्हता.

"नदी नाही. कुंपण."

"कुंपण?"

"काट्यांचं. बाभूळ, बोर, निवडुंग. दोन पुरुष उंच. पायी चालत निघालं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन महिने लागायचे." बाई रोज सांगून घासून गुळगुळीत झालेलं सांगत होती. "मीठ समुद्राकडं पिकायचं. इकडं आणायचं तर कर. कर एवढा की गरिबाला मीठ चाखायला मिळेना. मग लोक चोरून आणायला लागले. चोरून आणू नये म्हणून परक्या सरकारनं देशाच्या मधोमध कुंपण लावलं. दर मैलाला चौकी, दर चौकीला शिपाई. मूठभर मीठ सापडलं तरी तुरुंग."

"अहो, मग आपल्या ड्रायव्हरला बोलवा आत!" गणिताचे सर ओरडले. त्यांची झोप नुकतीच झाली होती. "त्याच्याच मालकीचं दिसतंय!"

सगळे पोट धरून हसले. अख्खं गाव त्या माणसाला कुंपण्या म्हणत होतं. का म्हणत होतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

सरांना माहीत होतं.

आठवीची सहामाही. प्रश्न तिसरा: परकीय राजवटीने आपल्या देशात केलेल्या पाच सुधारणा लिहा. पोराने चार बरोबर लिहिल्या होत्या. रेल्वे, टपाल, तारायंत्र, शाळा. आणि मग वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून: 'पाचवी सुधारणा: कुंपण. हे कुंपण देशाएवढे लांब होते. माझ्या आजोबांचे आजोबा त्याला पाणी घालण्याच्या कामावर होते. दुष्काळात माणसांना पाणी नव्हते पण कुंपणाला रोज गाडीने पाणी येत होते. आजोबांच्या आजोबांना मीठ मिळत नव्हते.'

सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आवाज काढून, थांबत थांबत, पोरांना हसायला जागा ठेवत. "देशाला कुंपण! मग फाटक कुठं होतं, तुमच्या अंगणात? पोरांनो, कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं. याच्या कुंपणानं तर अख्खा देश खाल्ला!" वर्ग बाकं बडवून हसला होता. पोरगं मान खाली घालून उभं राहिलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ते म्हणालं, "आमचे आजोबा खोटं बोलत नाहीत."

"मग मी खोटं बोलतो?" सर म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवली. मधल्या सुट्टीपर्यंत सगळी शाळा त्याला कुंपण्या म्हणायला लागली होती. वर्ष संपल्यावर त्याने शाळा सोडली आणि तो मालट्रकवर क्लीनर म्हणून लागला.

"दुष्काळात," सरांनी बाईला विचारलं. "दुष्काळात त्या कुंपणाचं काय व्हायचं?"

"पाणी घालायचे," बाई म्हणाली. "बैलगाडीनं आणून. वाळलं असतं तर भोकं पडली असती ना." तिने दुसऱ्या खोलीचं कुलूप काढलं. "या, पाणी वाहायची पखाल ठेवली आहे. कातडं फाटलंय, हात लावू नका."

मागच्या दाराने तिने सगळ्यांना एका बांधावर नेलं. पुरुषभर उंचीचा मातीचा बांध होता, शेतांमधून सरळ गेलेला, आणि त्यावर मोजून पाच म्हाताऱ्या बाभळी. एवढंच उरलं होतं. सर त्यातल्या एका बाभळीजवळ जाऊन उभे राहिले. चौतीस वर्षांत किती पोरांना त्यांनी ते पाच मुद्दे पाठ करायला लावले असतील याचा हिशोब त्यांनी केला नाही. त्यांना एकच पोरगं दिसत होतं, आणि ते आत्ता बाहेर गाडीपाशी उभं होतं. त्यांना लाज वाटली. साधी, सरळ, अंग गरम करणारी लाज.

"काय झालं तुम्हाला?" बायकोने जवळ येऊन विचारलं. "चेहरा का असा उतरलाय?"

सरांनी तिला सांगितलं. थोडक्यात सांगायचं ठरवूनही सगळं सांगितलं. ती स्वतः कन्याशाळेत शिवण शिकवायची. तिने कधी कुणावर हात उगारला नव्हता आणि त्याची फुशारकीही मारली नव्हती.

"अहो, मग सांगून टाका त्याला."

"सांगणारच आहे. संध्याकाळी मुक्कामाला पोचलो की बाजूला घेतो."

"बाजूला कशाला?" ती म्हणाली. "मारलंत भर वर्गात, आणि माफी आडोशाला?"

तिचं बरोबर होतं. रोजचा तो माइक होता, बावीस माणसं होती. उभं राहायचं आणि सांगायचं की बाबांनो, या माणसाचं नाव कुंपण्या नाही, त्याचं नाव आहे… आणि इथे सर अडकले. हजेरीपटातला तो रकाना त्यांनी डोळ्यांसमोर आणला. आधीचं नाव आठवलं, नंतरचंही आठवलं. मधली जागा कोरी. तीन दिवसांपूर्वी त्याला मुलगी झाल्याचे पेढे खाऊनही त्यांनी अभिनंदन केलं होतं ते कुंपण्याचंच.

नाव माहीत नसताना चारचौघांत माफी कशी मागणार? सरांना हे कारण पटलं. पटण्यासारखं कारण सापडलं की माणसाला केवढं हलकं वाटतं. बाकीचे चहा घेत होते तेवढ्यात ते एकटेच गाडीच्या मागे गेले.

ड्रायव्हर उकिडवा बसून टायरवर पाना ठोकून पाहत होता. सरांना बघून तो उठला. शाळा सोडून तीस वर्षं झाली, तरी सर दिसले की तो बसून राहत नसे.

"काय सर? एसी जास्त होतोय का?"

"नाही, नाही. ते आत… तू पाहिलंस कधी? आत काय आहे ते?"

"पाहिलंय की. या रस्त्यानं माझी नववी खेप आहे. पहिल्या खेपेला गेलो होतो आत. नंतर नाही जात."

"आज मुद्दाम थांबवलीस गाडी?"

"मुद्दाम कशाला?" त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "बायकांची सोय आहे म्हणून. सांगितलं ना मघाशी."

सरांनी मनात वाक्य जुळवून आणलं होतं. "त्या काळी आमच्यासमोर जी साधनं उपलब्ध होती," असं ते सुरू झालं, आणि सरांना आपलाच व्याख्यानाचा आवाज ऐकू आला. ते थांबले. रुमालाने मान पुसली.

"माझं चुकलं रे," ते म्हणाले. "तू खरं लिहिलं होतंस. मी तुला मारायला नको होतं."

"मारायचं काय सर," ड्रायव्हर म्हणाला. "तेव्हा सगळेच मारायचे. ते तर मी विसरलोही."

सरांच्या छातीवरचा दगड उतरला. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवणार होते, पण ड्रायव्हरचं बोलणं संपलं नव्हतं. तो पाना फडक्याने पुसत होता, पुसून झालेला परत पुसत होता.

"त्या दिवशी घरी गेलो," तो म्हणाला. "आजोबा दारातच बसले होते. मला लिहिता येतं याचं त्यांना फार कौतुक होतं. स्वतःला अक्षर येत नव्हतं. विचारलं, आमच्या कुंपणाला किती मार्क दिले सरांनी? मी म्हणालो, तुमच्यामुळं सगळ्यांसमोर मार खाल्ला. खोटारडे आहात तुम्ही. सर म्हणाले तसं."

"मग?" सरांनी विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"मग काही नाही. म्हणाले, सर शिकलेला माणूस आहे. ते म्हणतात तर माझ्या आजोबांनीच मला खोटं सांगितलं असेल."

पलीकडे चहाच्या पेल्यांचा आवाज येत होता. कुणीतरी हसत होतं.

"त्यानंतर अकरा वर्षं जगले," ड्रायव्हर म्हणाला. "आधी रोज रात्री काही ना काही सांगायचे. नंतर एकदाही नाही. मीही नाही विचारलं. मला वाटायचं, बरंच झालं, खोटं ऐकायचं कशाला. इथं पहिल्यांदा आलो तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती." त्याने पाना पेटीत टाकला आणि झाकण लावलं. "तुमचं काही नाही सर. तुम्ही पुस्तकातलं सांगत होता. ते घरातलं सांगत होते. मी तुमचं ऐकलं."

सर उभेच राहिले.

"चला, बसून घ्या," ड्रायव्हर म्हणाला. "अंधाराच्या आत घाट उतरायचाय."

गाडी सुटली. सर खिडकीपाशी बसले. बायको शेजारी येऊन टेकली, पिशवीतून तिने संत्रं काढलं आणि सोलत हळूच विचारलं, "बोललात?"

"बोललो."

"मग? काय म्हणाला?"

सरांनी पुढे पाहिलं. ड्रायव्हरची मान दिसत होती, आणि समोर सरळ गेलेला रस्ता.

"विसरलोय म्हणाला," सर म्हणाले.

"बघा! आणि तुम्ही उगाच जीवाला लावून घेतलं होतंत." तिला मनापासून बरं वाटलं. "मोठ्या मनाचा आहे हो पोरगा." तिने एक फोड सोलून, बी काढून त्यांच्यापुढे धरली. सरांनी ती घेतली, आणि खाल्लीसुद्धा.